तिसरा घाव

गोठलेल्या हॅलिबट माशाचं डोकं फळीवर आडवं ठेवून बोलेटेने कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात खालून, खाडीकडून, पहारीचा पहिला घाव ऐकू आला. तिने कुऱ्हाड तशीच वर धरली. दुसरा घाव आला. थोडं थांबून तिसरा.

तिने मान वळवली. शुक्रवारची दुपार होती, पण दुपार म्हणावी असं आभाळात काही नव्हतं. सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बुडाला होता आणि आता फेब्रुवारीशिवाय तोंड दाखवणार नव्हता. दक्षिणेला डोंगरामागे थोडा वेळ जो तांबूस उजेड यायचा, त्यालाच ग्रीनलंडच्या त्या वस्तीत दिवस म्हणत. त्या उजेडात तिचा मुलगा सेवेरिन किनाऱ्यापासून आत, नव्या बर्फावर, पाय फाकवून उभा होता. बापाची पहार त्याच्या हातात होती. किनाऱ्यावर चार-पाच पुरुष खिशात हात घालून बघत होते.

“तीन!” सेवेरिन ओरडला.

“शाब्बास!” किनाऱ्यावरून निक्कुलाटचा आवाज आला. “बाप तसा बेटा!”

बोलेटेने कुऱ्हाड खाली आणली. माशाच्या डोक्याची दोन शकलं झाली आणि साखळीला बांधलेले कुत्रे एकदम उठून उभे राहिले. तिने शकलं त्यांच्यापुढे टाकली आणि दुसरं डोकं फळीवर घेतलं. तिने सेवेरिनचा खांदा पाहिला होता. पहिल्या दोन घावांना तो कानापर्यंत चढला होता. तिसऱ्याला अर्ध्यातच थांबला होता.

पहारीची रीत इथे पोरं बोलायला लागतात तेव्हापासून त्यांना ठाऊक असते. पहिल्याच घावाला पहार आरपार गेली तर त्या बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्याला गेली तर एकटा माणूस जपून चालेल, पण कुत्र्यांनी ओढायची स्लेज नाही. तिसरा घाव सोसला तर तो बर्फ कुत्र्यांचा, स्लेजचा आणि साऱ्या गावाचा. जो पुढे जाऊन घाव घालतो त्याने आकडा मोठ्याने ओरडायचा आणि किनाऱ्यावरच्यांनी तो मानायचा. मागून जाऊन पडताळा घेणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं, आणि तसं कोणी करत नाही.

बोलेटेचा नवरा गाबा तिसरा घाव हलका मारायचा.

कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. एका वर्षी तो पहिली स्लेज पलीकडे नेऊन परत आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. “बर्फावर पाणी चढलंय जरा,” तो म्हणाला. तिने विजार शेगडीवरच्या दोरीला लावली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्याही वर्षी. मग ती किनाऱ्यावर उभी राहून त्याचा खांदा बघायला लागली. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बर्फावर निघालेल्या माणसाला ‘जाऊ नको’ म्हणायचं नसतं, बर्फाला ते ऐकू जातं, असं इथल्या बायका मानतात. बोलेटेच्या सासूनेही ते आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

एरवी गाबाला खोटं बोलता येत नसे. पत्ते खेळतानासुद्धा त्याचा चेहरा सगळं सांगून टाकायचा. पण त्या घराला एक मान होता. नाताळाआधी ॲडव्हेंटचा पहिला रविवार येतो, खिडक्या-खिडक्यांत तांबड्या कागदाच्या चांदण्या लागतात, त्या दिवशी खाडी ओलांडून पलीकडच्या वस्तीत कॉफीला जायचं, आणि पहिली स्लेज याच घराची. गाबाचा बाप गेला, त्याचा आजा गेला. त्याच्याही आधी वखारीचा डॅनिश कारभारी आपल्या रोजनिशीत दर वर्षी लिहून ठेवायचा की आज खाडीने बर्फ धरला, पहिली स्लेज आली. पहिली स्लेज गेल्याशिवाय बाकीचे बर्फावर गळ टाकायला जात नसत. मग बर्फ उशिरा धरायला लागला. गाबा मात्र उशीर करेना. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, त्यातला तो माणूस.

या सगळ्यात ट्रोल्सची भर पडली. ट्रोल्स कोपनहेगनहून आलेला, लांब मानेचा, समोर आलेल्या केकला कधी नाही न म्हणणारा. जुन्या वखारींच्या रोजनिश्या, देवमाशांच्या शिकारी जहाजांची टिपणं, मिशनऱ्यांच्या डायऱ्या असलं काय काय गोळा करून, समुद्राने कुठे कधी बर्फ धरला याचा तो हिशेब मांडायचा. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याने गावाच्या सभागृहात भिंतीवर एक मोठा तक्ता लावून दाखवला. ग्रीनलंडच्या साऱ्या पश्चिम किनाऱ्याच्या रेघा त्यावर होत्या, आणि एकूण एक रेघ शेवटाकडे कलली होती. बर्फ उशिरा, आणखी उशिरा. एकच रेघ सरळ होती. ती या खाडीची.

“इथे काहीतरी वेगळं आहे,” ट्रोल्स म्हणाला होता. “खालून एखादा थंड प्रवाह असेल. शोधायला हवं.”

ट्रोल्स सज्जन होता. आपण खोटं बोलत नाही तर समोरचाही बोलत नसणार, असं तो धरून चालायचा. गाबा शेवटच्या रांगेत मांडीवर कप घेऊन बसला होता. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तक्ता नंतर दुकानात, कातड्यांच्या दरपत्रकाशेजारी चिकटवला गेला, आणि गाव त्या रेघेवर भलतंच खूश झालं. बाकी सगळीकडचा समुद्र शब्द फिरवतो, आपली खाडी फिरवत नाही, असं लोक पाहुण्यांना सांगायला लागले. काळ्या दगडावरची रेघ म्हणायचं ते हेच.

गेल्या वर्षी ॲडव्हेंटच्या रविवारी गाबा पलीकडे पोचला. तिकडे त्याची थोरली बहीण हेन्रिके राहायची. तिच्याकडे त्याने कॉफी घेतली, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. सोमवारी परत येताना खाडीच्या मधोमध बर्फाने त्याला सोडलं. निक्कुलाट आणि इतरांनी होडी बर्फावरून ढकलत नेऊन त्याला वर काढलं. कुत्र्यांपैकी दोन पोहून निघाले. इथे शरदात, जमीन गोठायच्या आधी, दोन-तीन कबरी खणून ठेवतात, कोणासाठी ते ठाऊक नसताना. त्या वर्षी त्या खणताना गाबाच पुढे होता, आणि फावड्यावर रेलून म्हणाला होता, “खड्डा रिकामा दिसला म्हणून कोणी घाई करू नका रे.” त्यातल्याच एकात त्याला ठेवला.

ट्रोल्सच्या तक्त्यावर त्या वर्षीचा ठिपका वेळेवर पडला. स्लेज गेली कधी, एवढंच तिथे मांडलं जायचं. परत आली का, याला तक्त्यात जागा नव्हती.

तेव्हापासून बोलेटेला काही वाटेनासं झालं होतं. ती रडली नाही, म्हणून सुरुवातीला शेजारणींनी तिचं कौतुक केलं, मग त्यांना तिची भीती वाटायला लागली. ती उठायची, कुत्र्यांना घालायची, भांडी घासायची, चर्चमध्ये सगळी गाणी शब्द न चुकता म्हणायची. एकदा तापलेल्या तव्याला तिचा हात चिकटला, आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर तिच्या ते लक्षात आलं. दुःख झालं असतं तर निदान दुःख आहे म्हणता आलं असतं.

फेब्रुवारीत सेवेरिनला मुलगी झाली. तिचं नाव गाबा ठेवायचं हे कोणाला ठरवावं लागलंच नाही. गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं, मुलगा असो की मुलगी. नाव आलं की माणूस घरी आलं. त्या दिवसापासून ते बाळ सगळ्यांचं काही ना काही लागायला लागलं. हेन्रिके फोनवर “धाकट्या, जेवलास का रे?” म्हणायची. गाबाचे म्हातारे सोबती येऊन बाळाच्या पाळण्यापाशी चिमूटभर तपकीर ठेवून जायचे, आणि सेवेरिनची बायको युडिटे ती हसत पुसून टाकायची. नाव धारण केलेल्या बाळाला नाही म्हणत नाहीत. सेवेरिन स्वतः मुलीला कडेवर घेऊन “बाबा, बाबा” करायचा आणि त्यात त्याला काही गंमत वाटत नसे.

बोलेटे तिला न्हाऊ घालायची, भरवायची, अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसवून दुकानात न्यायची. नावाने मात्र तिने तिला एकदाही हाक मारली नव्हती. ‘ही’ म्हणायची. “हिला झोप आलीय.” गावाला ते कळलं होतं, पण कोणी बोललं नाही.

त्या शुक्रवारी सेवेरिन पहार घेऊन घरात आला तेव्हा सीलच्या मांसाचं सूप शेगडीवर होतं. त्याने पहार दारामागे उभी केली.

“तीन आहे, आई,” तो म्हणाला. “रविवारी निघतो.”

“ऐकलं,” बोलेटे म्हणाली.

“ट्रोल्सचा फोन आला होता. यंदाचा ठिपका पडला की छापायला देतोय म्हणाला. आपल्या गावाचं नाव येणार त्यात. बाबांचंही.”

“हं.”

“बाबांचे कातडी बूट आहेत ना? माझे ओले होतात.”

तिने आतून बूट आणले, खाली बसली, आणि त्यांतलं जुनं गवत उपसून नवं वाळलेलं गवत तळाशी दाबून भरायला लागली. हे काम तिच्या बोटांना पाठ होतं. तिशीतला मुलगा समोर बसून सूप पीत होता. दिवसभर मासळीच्या कारखान्यात उभा राहणारा, शांत, जरा भित्राच म्हणायचा. लहानपणी मोठ्या लाटेला भिऊन बापाच्या मांडीमागे लपायचा. एक वर्षभर गाव त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला ते कळत होतं. तिसरा घाव त्याला कोणी शिकवला असेल? शिकवावा लागतो थोडाच. तोही किनाऱ्यावर उभा राहून बापाचा खांदाच बघत असणार.

तो कुत्र्यांकडे गेला तशी युडिटे आतून आली. ती इलुलिस्साटची, मोठ्या गावातली. मनात आलं की बोलून टाकायची.

“आई, तुम्ही सांगा ना त्याला.”

“काय सांगू?”

“जाऊ नको म्हणून. मी सांगितलं तर ओरडला माझ्यावर. म्हणे, तुला आमच्याकडचं काय कळतंय!”

“असं सांगत नाहीत गं,” बोलेटे म्हणाली.

“का नाही सांगत? तुम्ही गेल्या वर्षी सांगितलं नाहीत, मग—” युडिटे थांबली. तिचा चेहरा लाल झाला. “चुकले मी. माफ करा.”

बोलेटेने दुसरा बूट घेतला. आपल्याला यावर काहीतरी वाटायला हवं, राग तरी, असं तिच्या मनात आलं. तिने वाट पाहिली. काही आलं नाही. पाळण्यात बाळ जागं झालं होतं आणि आपल्याच मुठीकडे बघत होतं.

शनिवारी ती बाळाला पाठीवर घेऊन दुकानात गेली. कॉफी, साखर, केकसाठी मनुका. दुकानात निम्मं गाव होतं. निक्कुलाटने हॅलिबटची लांब दोरी टोपलीत गुंडाळून तयार ठेवली होती. रविवारी स्लेज गेली की सोमवारी पहाटे तो बर्फावर जाणार होता, आणि त्याच्यासारखे आणखी दहा जण. महिनाभर होडी चालत नव्हती आणि बर्फावरही जाता येत नव्हतं. लोक घरात बसून आंबले होते.

“या या वहिनी!” निक्कुलाट म्हणाला. “नवरोबांना घेऊन बाजार करताय होय?”

सगळे हसले. तो जवळ आला आणि बोलेटेच्या खांद्यावरून मागच्या टोपीत डोकावला.

“काय गाबा? यंदा बर्फ कसा आहे? तुझा पोरगा तीन म्हणतोय. जाऊ का आम्ही?”

बाळाने त्याच्या मिशीला हात घातला.

“होय म्हणाला! ऐकलंत ना? आता बुडलो तर याची जबाबदारी.”

पुन्हा हसू झालं. निक्कुलाटला स्वतःलाच नंतर ते बरं वाटलं नाही, आणि तक्त्याकडे बोट दाखवून तो उगाच मोठ्याने म्हणाला, “आपली रेघ सरळ आहे बाबा. काळजी नाही.”

बोलेटे त्या रेघेपुढे उभी राहिली. एरवी ती तिकडे बघत नसे. ठिपके एकाखाली एक, सगळे नीट ओळीत, आणि सगळ्यात खाली यंदाची रिकामी जागा. ट्रोल्सने ती पेन्सिलीने आधीच आखून ठेवली होती. बाळाचा श्वास तिच्या मानेवर लागत होता. दुकानातली मुलगी दोनदा विचारून गेली, आणखी काही हवंय का, तेव्हा तिने मान हलवली आणि सामान उचललं.

रविवारी चर्च सुटलं तेव्हा दक्षिणेचा उजेड पुरता फाकला होता. सगळं गाव तसंच किनाऱ्यावर उतरलं. कोणी दुर्बीण आणली होती, कोणी थर्मासमधून कॉफी. पलीकडे हेन्रिकेच्या वस्तीतले दिवे दिसत होते. भरती-ओहोटीने किनाऱ्यालगत बर्फाला भेग पडते. ती ओलांडून सेवेरिनने स्लेज नव्या बर्फाच्या कडेला लावली होती. कुत्रे पंख्यासारखे पसरून बांधले होते आणि भुंकून भुंकून वेडे झाले होते. सेवेरिनच्या पायांत बापाचे बूट होते. तो कोणाकडे बघत नव्हता. कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या गाठी त्याने पुन्हा पुन्हा तपासल्या.

“अरे चल की!” निक्कुलाट ओरडला. “तिकडे कॉफी गार झाली! का बाबाची पहार जड पडतेय?”

युडिटे बाळाला पाठीवर घेऊन मागे उभी होती. बोलेटे तिच्याकडे गेली.

“दे जरा.”

युडिटेने तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता बाळ काढून तिच्या हातात दिलं. बोलेटेने तिला आपल्या अंगरख्यात पुढे, छातीशी घेतलं आणि वरून पट्टा आवळला. ती उतरणीवरून खाली गेली, भेग ओलांडली, बर्फावरून स्लेजपाशी आली आणि रेनडिअरच्या कातड्यावर पाय सोडून बसली.

किनाऱ्यावर हशा पिकला.

“वहिनी निघाल्या नवऱ्याबरोबर!”

“जागा पुरेल का रे सेवेरिन?”

सेवेरिनही हसला. हसत तो जवळ आला.

“आई, फोटो काढायचाय का? पटकन काढू. कुत्रे ओढतायत.”

“फोटो नको,” बोलेटे म्हणाली. “चल.”

“कुठे चल?”

“पलीकडे. पहिली स्लेज गाबाची असते.” तिने अंगरख्याची कड खाली ओढली. बाळाचं तोंड बाहेर आलं, थंडीने गाल एकदम तांबडे झाले. “गाबा बसलाय. मी नुसतं धरलंय त्याला.”

“आई.”

“काय?”

“उतर. लोक बघतायत.”

“बघू देत की. वर्षभर सगळे त्यालाच विचारतायत, बर्फ कसा आहे म्हणून. काल निक्कुलाटने विचारलं. मग त्याला आधी नेऊन दाखवायला नको?” तिचा आवाज वर चढला नव्हता. दुकानात साखर मागावी तशी ती बोलत होती. “तीन म्हणालास ना परवा? तीनवर लेकरं, बाया, सगळेच जातात. हाक कुत्र्यांना.”

सेवेरिन तसाच उभा राहिला. किनाऱ्यावरचं हसू आधी पुढच्यांचं थांबलं, मग मागच्यांचं. भुंकण्याशिवाय काही ऐकू येईना. त्याने एकदा वर युडिटेकडे पाहिलं. युडिटेने तोंडावर हात घेतला होता, पण ती जागची हलली नाही आणि तिने हाकही मारली नाही.

“बाबांना नेतोयस,” बोलेटे म्हणाली. “घाबरतोस कशाला?”

सेवेरिनने स्लेजवरची पहार काढली. तो कुत्र्यांना वळसा घालून पुढे गेला, शुक्रवारी उभा होता त्याच्याही पुढे. तिथे त्याने पाय फाकवले. त्याची पाठ सगळ्यांकडे होती. पहार वर गेली आणि पहिला घाव बसला. दुसऱ्याला त्याचा खांदा कानापर्यंत चढला, आणि पहार मुठीपर्यंत आत गेली. तिच्याभोवती काळं पाणी वर आलं आणि हळूहळू पसरून बापाच्या बुटांना लागलं.

तो बराच वेळ पहारीला धरून वाकलेला राहिला. मग त्याने ती ओढून काढली आणि वळला.

“दोन!” तो ओरडला.

आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा ओरडून सांगितलं. “दोन आहे! दोन!”

हा आकडा ॲडव्हेंटच्या दिवशी त्या किनाऱ्यावर कोणी ऐकला नव्हता. निक्कुलाटने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो खाली उतरला, त्याने बोलेटेला हात देऊन उठवलं आणि भेगेवरून किनाऱ्यावर घेतलं. दोघा-तिघांनी जाऊन कुत्रे सोडवायला मदत केली. स्लेज वर ओढली गेली आणि लोक आपापल्या घरी कॉफीला गेले.

घरी बाळ झोपलं. युडिटेने केक कापून ठेवला होता, पण त्याला कोणी हात लावला नाही. सेवेरिन ओट्यावर बसून ओले बूट काढत होता. त्याने त्यातलं गवत काढलं, ते पिळलं, आणि पिळलेलं गवत हातात धरून बसला.

“ट्रोल्सला काय सांगू?” त्याने विचारलं.

“आहे ते सांग. बर्फ धरला नाही.”

“त्याची रेघ मोडेल.”

“मोडू दे.”

“आणि आधीची वर्षं, आई? ती पण सांगायची?”

बोलेटे शेगडीजवळ उभी होती. बूट वाळत घालायला तिने हात पुढे केला.

“त्या रेघेत बर्फ नाहीये रे,” ती म्हणाली. “ते तुझे बाबा आहेत. त्याला तसंच सांग. हुशार आहे, कळेल त्याला.”

सेवेरिनने बूट तिच्या हातात दिले आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. युडिटे जाऊन त्याच्याशेजारी बसली. बोलेटेने बूट दोरीवर लावले, एकाशेजारी एक. त्यांच्यातून पाणी ठिबकून शेगडीवर चरचरत होतं. आपल्यालाही आता रडू येईल असं तिला वाटलं, पण नाही आलं. फक्त उभं राहवेना, म्हणून ती पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसली.

फोन वाजला. हेन्रिकेचा होता. गेल्या वर्षी सोमवारी तिनेच फोन करून विचारलं होतं, पोचला का गं, आणि बोलेटेने म्हटलं होतं, अजून नाही. ते चार वेळा झालं होतं. पाचव्या वेळी फोन वाजला तेव्हा तो कोणी उचलला नव्हता.

“अगं, मी खिडकीत उभी आहे केव्हाची,” हेन्रिके म्हणाली. “कुत्री ऐकू आली, मग एकदम थांबली. स्लेज दिसत नाही. कुठे आहे माझा धाकटा? निघाला ना?”

“नाही निघाला,” बोलेटे म्हणाली. तिने पाळण्याची दोरी हातात घेतली. “गाबा घरी आहे.”